शेवटच्या दोन किलोमीटरांची गाडी

पुण्याहून हरिश्चंद्रगडासाठी निघालेली गाडी नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत शंभर-सव्वाशे किलोमीटर डांबरावरून सुखात धावते. खुबी फाट्याला वळलं की पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीकडचा रस्ता लागतो आणि गाडी घेताना शोरूममध्ये झालेल्या गप्पांची परीक्षा खिरेश्वरपर्यंतच्या त्या थोडक्या अंतरात होते. राजमाचीखालच्या उधेवाडीला जाणाऱ्यांचं तेच. उजनीचं पाणी ओसरल्यावर भिगवण-कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांचंही तेच. महिन्यातले सव्वीस-सत्तावीस दिवस गाडी ऑफिस, शाळा आणि सिग्नलच्या रांगेत असते; पण मालक तिला बोल लावतो तो उरलेल्या तीन-चार दिवसांतल्या शेवटच्या तुकड्यावरून.

म्हणून भटकंतीसाठी गाडी शोधणाऱ्याने ब्रोशर उघडण्याआधी आपली वाट नीट आठवून पाहावी. नेहमी जायचं ते ठिकाण कोणतं, तिथे चढ किती, माती कोणती, पावसाळ्यात जायचं की दिवाळीनंतर? याची उत्तरं न शोधता केलेली खरेदी दोन टोकांना जाते. कोणी वर्षातून एकदा लागणाऱ्या चिखलाच्या धास्तीने मोठी फोर बाय फोर घेतो आणि वर्षभर तिच्या डिझेलचे पैसे भरतो. कोणी नुसत्या उंच बॉनेटवर आणि दारांखालच्या काळ्या प्लास्टिकवर भाळतो आणि पहिल्याच चाकोरीत गाडीचं पोट टेकवतो.

मातीपासूनच सुरुवात करू, कारण चिखल सगळीकडे सारखा नसतो. देशावरची काळी माती बेसॉल्ट झिजून तयार झाली आहे. तिच्यातले चिकण मातीचे सूक्ष्म कण पाणी धरून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात, म्हणून एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत ती चाकाला सोडत नाही. ही माती टायरच्या खाचांमध्ये भरली की टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग इंजिन कितीही ताकदीचं असो, पकडच उरत नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती याच्या उलट वागते. वरचा बोटभर थर साबणासारखा निसरडा असला तरी खाली घट्ट जमीन असते. तिथे अरुंद टायर वरचा थर कापत खालची जमीन पकडतो, तर दिमाखात बसवलेला रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. किनाऱ्याच्या वाळूचं गणित तिसरंच: तिथे चाक कापत खाली गेलं की संपलं, तिथे टायरचा पसाराच कामाला येतो.

आता उंची. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा आज प्रत्येक जाहिरातीत असतो. टाटा पंचचा 187 मिलिमीटर, मारुती जिम्नीचा 210, महिंद्रा थारचा 226. आकडे खरे असले तरी अपुरे आहेत. अनेकदा ते रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं, तंबू, दोर, पाण्याचे कॅन भरले की स्प्रिंगा दबतात आणि छोट्या गाडीचं पोट काही सेंटिमीटर सहज खाली येतं. शिवाय आकडा सारखा असूनही दोन गाड्या वेगळ्या वागतात. नाक पुढे फार आलेलं असेल तर ओढ्यात उतरताना बंपर आधी लागतो. दोन्ही धुऱ्यांमधलं अंतर जास्त असेल तर बांध ओलांडताना मध्येच गाडी टेकते. जिम्नीचं नाक आणि शेपूट दोन्ही आखूड आहेत, म्हणून मारुती तिचा पुढचा कोन 36 अंश आणि मागचा 50 अंश सांगते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर तर मधला उंचवटाच खरा शत्रू. तिथे अनुभवी चालक चाकोरीत उतरत नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून गाडी काढतो. हे कौशल्य कोणत्याही व्हेरियंटमध्ये मिळत नाही.

चिखलात गाडी रुतते म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा समजून घेतलं की निम्म्या जाहिराती आपोआप निकालात निघतात. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरता यावं यासाठी मध्ये डिफरन्शियल असतं. डांबरावर त्याच्याशिवाय चालत नाही. चिखलात मात्र ज्या चाकाला अडथळा कमी तेच चाक फिरत राहतं. डावं चाक गाळात भिरभिरतं, उजवं कोरड्या दगडावर असूनही ढिम्म. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतही हा दोष राहतोच. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा गाळात गेलं, की फोर बाय फोरची पाटी मिरवणारी गाडीसुद्धा जागेवर बसते.

उपाय दोन. एक, डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला भाग पाडणारी यांत्रिक कुलूपव्यवस्था. दोन, फुकट फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक युक्ती. जिम्नीत ती आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने हाताने लावायचे लॉक आहेत, आणि कारखान्यातूनच हे मिळणाऱ्या गाड्या आपल्याकडे विरळा. पण खरी नोंद घ्यावी अशी गाडी वेगळीच आहे. बोलेरो निओच्या एन 10 (ओ) या प्रकारात ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, तरी मागे यांत्रिक लॉक आहे. शेतावर, कातळावरच्या बागेत किंवा गडाच्या पायथ्याच्या वाडीत नेमाने जाणाऱ्या माणसासाठी हा कमी बोलबाला झालेला, पण शहाणा पर्याय आहे. फोर बाय फोरचं वजन आणि खर्च न वाढवता तो रुतण्याच्या बऱ्याच प्रसंगांतून बाहेर काढतो.

मग साध्या, फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीने कच्च्या वाटेवर जाऊच नये का? तसं नाही. इंजिनाचं वजन थेट ओढणाऱ्या चाकांवर असल्यामुळे हलकी छोटी गाडी सपाट चिखलातून अनेकदा आश्चर्य वाटेल इतकी सहज निघते. अडचण चढाला येते. चढावर भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि फिरत राहतात. अशा वेळी जागा असेल तर गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये चढ चढवण्याची जुनी युक्ती कामी येते, कारण मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला, भाराखाली येतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या बोलेरोला मात्र चढ आवडतो. ती रिकामी असली की ओल्या वळणावर शेपूट हलवते, आणि मागे आठ माणसं बसली की शहाण्यासारखी चालते. वाडीवस्तीवर बोलेरो इतकी वर्षं टिकली त्यामागे उंच टायर, लोखंडी चौकट आणि तालुक्याच्या गावी मिळणारे सुटे भाग आहेत.

खऱ्या फोर बाय फोरची आपल्याकडची गोष्ट 1940 च्या दशकात महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली तिथून सुरू होते. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. वजनाला टनाच्या आसपास, इंजिन लहान, आत सुखसोयींचा पत्ता नाही. तरी लष्करापासून ताडोबा-पेंचच्या सफारीपर्यंत तिचं राज्य चाललं, कारण चिखलात हलकेपणासारखं दुसरं बळ नाही. जड गाडीला बाहेर निघायला ताकद लागते, हलकी गाडी मुळात कमी रुतते आणि रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या पाहिल्या तरी साध्या गाडीचं मोल दिसतं. ओढे ओलांडत जाणाऱ्या त्या वाटेवर खासगी गाड्या सोडत नाहीत, आणि ऐन पावसात त्या जीपाही बंद असतात. रोज त्याच दगडांवरून जाणाऱ्या चालकांना चकचकीत गाडी नको असते, दुरुस्त करता येणारी हवी असते.

जिप्सीची जागा घ्यायला जून 2023 मध्ये पाच दारांची जिम्नी आली. लोखंडी चौकट, कमी वेगात जास्त ओढ देणारा लो-रेंज गिअर, दीड लिटरच्या आतलं पेट्रोल इंजिन. 2025 च्या सुरुवातीला हीच भारतात बनणारी पाच दारी जिम्नी जपानमध्ये विक्रीला गेली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे 50 हजार मागण्या आल्या आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. आपल्याकडे मात्र तिला तसा उठाव मिळाला नाही. कारण कोणत्याही कुटुंबाला मागचं दार उघडल्यावर कळतं. सगळ्या सीट वापरात असताना डिकीत 208 लिटर जागा उरते. चौघांच्या ट्रेकच्या पाठपिशव्या तिथे मावत नाहीत. दोघांसाठी, मागची सीट पाडून, ती उत्तम गाडी आहे. चौघांसाठी छतावर कॅरियर लागणारच.

एवढी आखूड डिकी का, याचं उत्तर बहुतेकदा करांमध्ये शोधलं जातं. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांना आपल्याकडे बरीच वर्षं करसवलत आहे, आणि जिम्नी व तीन दारी थार दोन्ही 3,985 मिलिमीटरवर थांबतात. पण लांबी एकटी पुरत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार चार मीटरच्या आत आणि पेट्रोल 1,200 किंवा डिझेल 1,500 सीसीच्या आत असलेल्या गाडीला 18 टक्के कर आहे. त्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40 टक्के. जिम्नीचं पेट्रोल इंजिन 1,462 सीसीचं, त्यामुळे लांबी आखडूनही ती वरच्या दरात जाते. दीड लिटर डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी थार आणि बोलेरो निओ खालच्या दरात बसतात. फोर बाय फोर थार मात्र मोठ्या इंजिनाची, म्हणून वरच्या दरात. कच्च्या वाटेसाठी गाडी घेणाऱ्याने हा फरक कागदावर मांडून पाहावा. त्या पैशांत चांगले टायर, हवेचा पंप आणि कित्येक वर्षांचं डिझेल येतं.

थार 2 ऑक्टोबर 2020 ला नव्या रूपात आली आणि तिने फोर बाय फोर हा शब्द सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणला. तिच्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या थार फोर बाय फोर नसतात. 2023 पासून फक्त मागच्या चाकांची थारही विकली जाते, आणि जुनी गाडी घेताना अनेक जण इथेच फसतात. तीन दारी थारमध्ये चौघं बसले की सामानाला जागा जवळजवळ उरत नाही, मागे बसणाऱ्याला पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन भंडारदऱ्याला जायचं असेल तर 2024 मधली पाच दारांची रॉक्स बघावी, नाहीतर सरळ स्कॉर्पिओ-एन. दिसण्याच्या मोहात दारांचा विसर पडू नये.

साध्या गाड्या आणि खऱ्या फोर बाय फोर या दोन गटांच्या मध्ये ऑल व्हील ड्राइव्हवाल्या मवाळ गाड्या आहेत. 2014 मध्ये रेनोने आणलेली डस्टर एडब्ल्यूडी ही त्यांतली अनेक भटक्यांची आजही आवडती. लो-रेंज नव्हता, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवला होता, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र होतं आणि डिकी खरोखरची होती. आज ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरच्या काही प्रकारांत चार चाकांची सोय मिळते. आठवड्याला सहाशे किलोमीटर हमरस्ता आणि थोडा कच्चा रस्ता असं ज्यांचं जगणं आहे, त्यांना जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरपेक्षा अशी गाडी अधिक मानवते. जिम्नी-थारची फोर बाय फोर जोडणी कोरड्या डांबरावर वापरायची नसते. पुढच्या-मागच्या धुऱ्या एकमेकींना ताणतात आणि यंत्रणेवर भार येतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हा विचार चालकाला करावा लागत नाही.

‘मड’, ‘सँड’, ‘स्नो’ लिहिलेली गोल कळ पाहून मात्र हुरळून जाऊ नये. फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती कळ ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा हात सैल-घट्ट करते, एवढंच. मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचवायला तिथे शाफ्टच नसतो.

भटक्याचा खरा संसार मागच्या दारामागे असतो. कामशेतला पॅराग्लायडिंगला जाणाऱ्याची एकच मोठी पिशवी अर्धी डिकी खाते. पक्षी टिपणाऱ्याला मागच्या सीटवरून लांब लेन्स पटकन उचलता यायला हवी. सायकलवाल्याला सीट सपाट पडणं महत्त्वाचं. रात्री तारे पाहणाऱ्यांच्या दुर्बिणीचं नळकांडं मुळात आडवं मावतं का, हे फीत घेऊनच मोजायला हवं. चाचणीला जाताना हे सामान सोबत न्यावं; सेल्समन थोडा गोंधळेल, पण भरून दाखवायला नकार देणार नाही. आणि आतली रंगसंगती! हल्ली पांढऱ्या, फिकट चॉकलेटी सीट्सची फॅशन आहे. ओल्या पँटने, चिखलाच्या बुटांनी आत शिरणाऱ्याला गडद रेग्झिन आणि कडा उंच असलेली रबरी मॅट लागते. सनरूफसाठी जास्तीचे पैसे भरून कापडी मॅटवर समाधान मानणारं गिऱ्हाईक पाहिलं की वितरकाचा मात्र हेवा वाटतो.

टायरला स्वतंत्र प्रकरण हवं, कारण जमिनीला शिवतो तो तोच. गाडीसोबत येणारे टायर बहुधा हमरस्त्यासाठी बनवलेले असतात. ऑल टेरेन टायरच्या खाचा खोल आणि मोकळ्या असतात, चिखल त्यांतून उडून जातो. बदल्यात आवाज थोडा वाढतो, मायलेज थोडं घटतं. निव्वळ चिखलाचे मड टेरेन टायर शहरात वापरणाऱ्याला पावसातल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावताना पस्तावावं लागतं. कायद्याने खाचांची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण एवढ्या झिजलेल्या टायरने ओल्या मातीत शिरणं म्हणजे ट्रॅक्टरवाल्याचा फोन नंबर आधीच विचारून ठेवणं. वाळूत हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि गाडी तरते; मात्र डांबरावर येताच पुन्हा भरावी लागते, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप हवाच. मोठ्या अलॉय चाकांवरचा पातळ टायर दगडावर आपटला की रिमच वाकतं. जिम्नीला 15 इंची चाक आणि जाड भिंतीचा टायर आहे तो याच कारणाने. 2020 मध्ये नियम बदलले आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला परवानगी मिळाली. शहरात ठीक. पण टायरची बाजू दगडाने फाटली तर किट निरुपयोगी ठरतं, तेव्हा पूर्ण मापाची स्टेपनी आहे का, हे विचारूनच सही करावी.

पाण्याबाबत तडजोड नको. थार 650 आणि गुरखा 700 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपन्या सांगतात. ते साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्याबद्दल आहे. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. वाहतं पाणी त्याहून घातक. फूटभर वेगवान पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं, दोन फूट पाणी एसयूव्हीलाही सोडत नाही, असं अमेरिकेची हवामान सेवा सांगते. ताम्हिणीतल्या एखाद्या फरशी पुलावर पाणी चढलेलं असेल तर थांबण्यात कमीपणा नाही.

गोव्यात 2014 पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरते. विंच लावलेल्या, उंच उचललेल्या त्या गाड्या पाहून घरच्या गाडीवर तसे प्रयोग करायची हौस अनेकांना होते. पण नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. बुलबार तर त्याआधीच, 2017 च्या डिसेंबरात केंद्राने बेकायदा ठरवले. वाटही परवानगीची हवी. गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे नोंदवले जातात, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या एसयूव्हींची छायाचित्रं वर्तमानपत्रांना दर मोसमात मिळतात. माळरानावर वाट सोडून टायर फिरवले की जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी चिरडतात. इंदापूरजवळच्या कडबनवाडीला वनखात्याने आखून दिलेल्या वाटांवरून सफारी सुरू केली आहे. तिथे लांडगे, चिंकारा पाहायला वाट सोडायची गरजच पडत नाही.

बजेट आखडतं असेल तर जुन्या बाजारात जिप्सी, आधीच्या पिढीची थार आणि डस्टर एडब्ल्यूडी अजून मिळतात. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीच्या चौकटीत खाऱ्या हवेचा गंज आधी सांध्यांपाशी दिसतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीची मातीची रेघ तिथे हमखास राहते, बाकी सगळं धुतलं तरी. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालचा ओलसर वासही तेच सांगतो. लिव्हर टाकून फोर बाय फोर आणि लो-रेंज खरोखर लागतात का, हे कच्च्या जागेवरच तपासावं. वर्षानुवर्षं न वापरल्याने ते अडकलेले असतात आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. डस्टर घ्यायची झाली तर मागच्या धुरीकडे ताकद पाठवणाऱ्या कपलिंगचे भाग कोण आणि किती दिवसांत मिळवून देईल, हे आधी आपल्या मेकॅनिकला विचारावं, मग मालकाशी भावाची बोलणी करावीत.